पाळण्याचं काय, भावजी?

भावजी,

तुमच्या तेराव्याला जेवायला आलेल्या एकाही माणसाने मला, वैनी, तुम्ही कशा आहात, असं विचारलं नाही. हात धुता धुता, पानावरून उठता उठता, ओटीवर सुपारी कातरता कातरता सगळ्यांचा एकच प्रश्न : "पाळण्याचं काय?" जनी कोळणीने तर भाताचा घास तोंडात असतानाच विचारलं, "वैनी, दसऱ्याला पालना लागंल ना वो?" मला आधी सणकून राग आला. म्हटलं, माणूस गेला आणि यांना पाळणा सुचतोय! मग मागच्या दारी भांडी घासत बसले तेव्हा उमजलं, की तुमच्याबद्दल हळहळायची यांची रीतच ही आहे. गोविंदमिस्त्री आणि जत्रेतला पाळणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे रेवदंड्यात अजून कुणाला पटलेलं नाही.

आज घटस्थापना. दसरा नऊ दिवसांवर आला. दर वर्षी या दिवशी तुम्ही पाळण्याचे खांब पडवीतून बाहेर काढायला घ्यायचात, आणि मी, पाय जपा, पाठ जपा, असं ओरडत मागे मागे फिरायची. आज खांब पडवीतच आहेत. पाळण्याच्या बसायच्या चार होड्या, चक्रीचे बारा लाकडी घोडे, माणसं लांबट-बुटकी दाखवणारे ते वाकडे आरसे, सगळं पावसाळ्याआधी तुम्ही शाकारून ठेवलंत तिथेच. तात्यांनी मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. पाळण्याची किनाऱ्यावरची जागा त्यांच्या नारळीच्या वाडीची, आणि तुमच्या शब्दावर त्यांनी ती इतकी वर्षं आपल्याकडे राहू दिली. आता मुंबईचा कुणी शेठ तिथे बंगला बांधू म्हणतो. "पाळणा उभा राहणार असेल तर जागा तुमचीच, सरस्वतीबाई," तात्या म्हणाले, "नाहीतर मी शेठना होकार कळवतो. रिकामी जागा किती दिवस राखायची?" त्यांचं काही चुकलं नाही. तेव्हा काय ते मलाच ठरवायचं होतं. काय ठरवलं ते शेवटी सांगते, आधी तुमच्याशी बोलायचं आहे. समोर असतात तर अर्धं बोलले असते आणि अर्ध्यात भांडण झालं असतं. म्हणून हे लिहिते. मास्तरांची मुलगी, सातवी शिकलेली, त्याचा एवढा तरी उपयोग.

आधी हसण्यासारखं लिहिते, कारण तुम्ही गेल्यापासून घरात कुणी हसलेलं नाही.

आठवतो आपला पहिला दसरा? जन्मभर होड्या बांधलेला माणूस तुम्ही. लाकूड म्हटलं की मुशी माशाचं तेल चोपडायचं, याच्यापलीकडे तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. बाराच्या बारा घोडे आणि पाळण्याच्या चारी होड्या तुम्ही तेलाने अशा माखल्यात की ऊन पडलं की चमकायच्या. बरं, आपल्या कुणाच्या नाकाला तो वास म्हणजे वासच नव्हता! कोळीवाड्यात जन्मलेल्यांना मुशीचं तेल म्हणजे हवाच. मीसुद्धा काही बोलले नाही. आणि नेमके त्याच दिवशी अलिबागहून कुणी साहेब आपलं कुटुंब घेऊन आले. पोरांना पांढरेशुभ्र, इस्त्रीचे कपडे. पोरं घोड्यावर बसली, दोन फेऱ्या झाल्या आणि उतरली तेव्हा प्रत्येकाच्या मागे तांबूस गोल डाग! बाईंनी नाकाला पदर लावला तो टांग्यात बसेपर्यंत काढला नाही. तेवढ्यात कोळीवाड्यातली यच्चयावत मांजरं गोळा झाली आणि घोड्यांचे पाय चाटायला लागली. साहेब म्हणाले, "मिस्त्री, हे घोडे आहेत की बोंबील?" आणि तुम्ही अगदी शांतपणे, हात जोडून म्हणालात, "सायब, लाकडाला त्याल पायजेच. न्हायतर फुगतंय." साहेबांनी कपाळाला हात लावला.

पुढचे आठ दिवस तुम्ही विहिरीवर एकेक घोडा आणून शिकेकाईने न्हाऊ घातलात. मी वरून पाणी ओतत होते आणि हसून हसून माझ्या हातातला तांब्या पडत होता. तुम्ही रागावलात. म्हणालात, "वैनी, हसताय काय, मान चोळा त्याची." तुमच्या दादाला जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि त्या वर्षात मी पहिल्यांदा हसले ती त्या विहिरीवर. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तुमचा दादा. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही, आणि ते लिहायला माझा हात धजत नाही. जरा थांबते. आधी तुमचं देणं आठवते.

दादा गेला, मी पांढऱ्या कपाळाची झाले, आणि वर्षभर मागच्या दारापलीकडे माझं जग उरलं नाही. तुम्ही तोवर पाळणा उभा केला होतात, घोडे धुऊन काढले होते, अळशीचं तेल लावायला शिकला होतात. एक दिवस चुलीपाशी येऊन म्हणालात, "वैनी, उद्यापासून पाळण्यावर या. तोल लावायला माणूस पायजे." मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं?" तर म्हणालात, "शिकाल. गनित येतंय ना तुमाला?"

आणि शिकवलंत. चार होड्यांचा पाळणा हाताने ढकलायचा, तर समोरासमोरच्या होड्यांत भार सारखा हवा. नाहीतर एक होडी खाली अडकते, पाळणा ढकलणारे धर्मा आणि पास्कू दोघेही लोंबकळले तरी वर जात नाही. आणि गेलीच तर गचका देऊन जाते. मी माणसांच्या पोटांकडे बघून अंदाज बांधायची आणि चुकायची. तुम्ही म्हणालात, "प्वाट बघू नका. प्वाट फसवतंय. वाळूत टाच किती रुतते ती बघा." रांग जिथून यायची तिथली वाळू तुम्ही रोज सकाळी ओली करून, फळीने सारखी करून ठेवायला लागलात. माणूस चालत आला की मी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते, टाचेकडे बघायची. महिनाभरात अशी तयार झाले की लग्नाच्या वऱ्हाडाकडे नुसतं बघून सांगेन, नवरदेवाचा मामा एकटा बसेल, समोर दोन करवल्या आणि एक पोरगं. अजूनही देवळात गेले तर माझी नजर आधी लोकांच्या टाचांवर जाते.

त्या तोलामुळे काय काय गमती झाल्या! तात्यांच्या घरच्या मामी, सोवळ्याओवळ्याच्या, अंगाने भरलेल्या. त्यांच्या समोरच्या होडीला जनी कोळणीशिवाय दुसरं कुणी पुरतच नव्हतं. मामी कुरकुरल्या. तुम्ही म्हणालात, "मामी, शिवत न्हाय कुनी कुनाला. मदी सारा पालना हाय." पाळणा फिरला, मामी वर गेल्या, जनी खाली आली, आणि खालून तिने हाळी दिली, "मामी गो, म्या खाली हाय म्हून तू वर हायस!" सगळी जत्रा खो खो हसली. आणि मामी वरून काय म्हणाल्या आठवतं? "मग राहा की जरा वेळ खाली, समुद्र बघू दे मला!" मग दर दसऱ्याला मामी आल्या की आधी विचारायच्या, जनी आली का?

पण सगळेच मामींसारखे नव्हते. त्याच वर्षी तळ्याकडचं एक कुटुंब आलं होतं. नवी सून, ओटी भरलेली. मी तिला हात धरून होडीत बसवायला गेले तर सासूने माझा हात झटकला. "हिच्या हातनं नको. पांढऱ्या कपाळाची हाय ही." मी मागे सरले. माझ्या मनात काहीही आलं नाही, कारण मला त्याची सवय झाली होती. मी घराकडे निघालेसुद्धा. तुम्ही पाळणा थांबवलात. वर माणसं बसलेली, पोरं ओरडतायत, आणि तुम्ही खांबाला पाठ लावून उभे. म्हणालात, "ज्याला वैनीच्या हातनं बसायचं न्हाय, त्यानं घोड्यावर बसावं. पालना वैनीबिगर फिरत न्हाय. हितं तोल लावायला देवबी येत न्हाय, वैनीच लावते." आणि मला हाक मारलीत, "वैनी, घरला काय चाललाय? रांग खोळंबली." मी परत आले. ती सासू घोड्यावरच बसली, बरं का. सून मात्र पुढच्या वर्षी कडेवर मूल घेऊन आली आणि सरळ माझ्या हातात हात दिला.

भावजी, त्या दिवशी तुम्ही मला माणसांत परत बसवलंत. लोकांनी मला कुंकू नसलेली बाई म्हणून ओळखायचं सोडलं आणि तोलवाली वैनी म्हणायला लागले. रेवदंड्याच्या बाजारात, चौलच्या रस्त्यावर, कुठेही. याची परतफेड नसते, आणि मी करूही शकले नाही. नुसतं तुमच्या ताटात जरा जास्त वाढत राहिले.

आता दादाचं लिहिते.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि आठवड्याच्या आत दादाचा मचवा कौलं भरून मुंबईला निघाला तो पोचला नाही. दादा आणि दोन खलाशी, कुणी परत आलं नाही. मचवा तुम्ही बांधलेला. गाव म्हणालं, मिस्त्रीचा सांधा सुटला. कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण म्हणालं. तुम्ही एका शब्दाने उत्तर दिलं नाहीत. अर्धी बांधून झालेली दुसरी होडी तशीच सोडलीत, हत्यारं धुऊन ठेवलीत, आणि पुन्हा पाण्यात उतरेल असं काही बांधलं नाहीत. त्याच अर्ध्या होडीच्या सागातून वर्षभरात हा पाळणा उभा राहिला. म्हणून त्याच्या बैठकांना होडीचा आकार.

तुम्ही मला एकदाच विचारलं होतंत. दादाचं बारावं झालं त्या दिवशी. दाराशी उभे राहून, माझ्याकडे न बघता, "वैनी, निघताना मचवा पान्यात कसा बसला व्हता?" तुम्ही त्या सकाळी चौलला कामावर होता. धक्क्यावर जेवण घेऊन मीच गेले होते. आणि मी म्हणाले, "मी नाही बघितलं."

मी बघितलं होतं, भावजी.

मचव्याच्या कुशीवर तुम्ही खाच मारून ठेवली होतीत. पाणी या खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं दादाला दहादा बजावलं होतंत. त्या सकाळी खूण दिसत नव्हती. पाण्याखाली गेली होती. मी दादाला म्हणाले, "अहो, खूण दिसत नाही." तो हसला. म्हणाला, "गोंद्या घाबरट हाय. आजून दोनशे कौलं बसतील." आणि बसवली. मी जेवणाचा डबा दिला आणि घरी आले.

तुमचा सांधा सुटला नव्हता. मचवा जड झाला होता, आणि जड त्यानेच केला होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. का? त्या दोन खलाशांच्या घरचे रडत होते. त्यांच्यासमोर मेलेल्या नवऱ्याचं नाव मला घेववलं नाही. जिवंत दिराच्या नावाला डाग लागला तर तो पुसता येईल असं मला वाटलं असावं. पण पुसायला कोण जाणार होतं? मीच गेले नाही. पंधरा वर्षं तुम्ही तो डाग घेऊन जगलात, आणि त्या पंधरा वर्षांत माझ्याशी एक उणा शब्द बोलला नाहीत. इंजिनाचं भांडण सोडून. त्याच्याकडे मी येतेच.

कधी कधी वाटतं, तुम्हाला कळलं होतं. नाहीतर रेवदंड्यात एवढी माणसं असताना भार बघायचं काम तुम्ही मलाच का दिलंत? मग वाटतं, छे, तुम्हाला गणित येणारं माणूस हवं होतं, एवढंच. मला खरंच माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता विचारायला कुणी नाही. पण तेराव्याला सगळी जेवून उठल्यावर मी ओटीवर उभी राहिले आणि सांगितलं. खूण पाण्याखाली होती, मी बघितली होती, मिस्त्रीचा सांधा सुटला नव्हता. मोठ्याने सांगितलं. त्या खलाशांपैकी एकाची म्हातारी आई तिथे होती. तिने हातातली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाली, "गोंदा दर दसऱ्याला माज्या घरी यून नारल ठेवून जायाचा. मला वाटायचं, त्याचं मन त्याला खातंय." जाताना मला तिने शिव्याही दिल्या नाहीत, जवळही घेतलं नाही. ते मला बरोबर वाटलं. मला माफी मिळायची नव्हती, तुमचं नाव धुऊन निघायचं होतं. पंधरा वर्षं उशिरा, पण निघालं.

आता भांडण.

गेली चार वर्षं गर्दी ओसरत चालली होती हे तुम्हालाही दिसत होतं. आधी एस.टी. आली. पोरं गाडीत बसून अलिबागला तंबूतला सिनेमा बघायला जायला लागली. मग चौलच्या जत्रेत मुंबईहून विजेचा पाळणा आला. आपल्या दुप्पट उंच, रंगीत दिवे, सपासप फिरणारा. तुम्ही तिकीट काढून त्यात बसलात. परत आलात तेव्हा मी विचारलं, "कसा आहे?" म्हणालात, "येग हाय. पन कोन कुनासमोर बसलाय त्याचा कुनाला पत्ता न्हाय." जणू तो त्याचा गुन्हाच! मागच्या हंगामात तर अशा संध्याकाळी गेल्या की पाळण्यावर तीनच माणसं. तुम्ही त्या तिघांसाठी समोरच्या होडीत वाळूची पोती टाकलीत आणि फिरवलंत. धर्मा धापा टाकत होता. पास्कू कोर्लईहून खाडी ओलांडून तरीतून येतो, त्याचाही गुडघा गेलेला. तरणी पोरं ढकलायला मिळेनात, कारण नाखव्यांच्या बोटींना इंजिनं बसली आणि पोरं तिकडे गेली.

काशिनाथ नाखवा स्वतः घरी आला होता. बोटीला नवं इंजिन घेतोय, जुनं तुमच्या पाळण्याला देतो म्हणाला. माझ्या बापाची होडी तुम्ही बांधलीत, घ्या, म्हणाला. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि नाही म्हणून सांगितलंत. मग आपली जुंपली.

"इंजिनाला भार कलत न्हाय, वैनी," तुम्ही म्हणालात. "धर्माच्या हाताला कलतंय, एक मानूस जड झाला की."

"धर्माच्या हाताला आता फक्त संधिवात कळतो," मी म्हटलं.

तुम्हाला हसू आलं होतं, भावजी. मी बघितलं. पण तुम्ही मिशीत दाबलंत.

चार वर्षं हेच चाललं. मी म्हणायची, इंजिन बसवा नाहीतर पाळणा बंद पडेल. तुम्ही म्हणायचात, बंद पडू दे, पण मेलेल्या लोखंडाच्या भरवशावर मी जिती माणसं वर न्यायचो न्हाय. शेवटचं भांडण गौरीच्या जेवणाला झालं. मी म्हटलं, "तुमचा हट्ट आहे हा, दुसरं काही नाही." तुम्ही अर्ध्या पानावरून उठलात. मग आपण फक्त कामापुरतं बोलत होतो. गौरी-गणपती बोळवले, घर रिकामं झालं, तरी अबोला तसाच. चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवायला बसलात, म्हणालात, "मीठ द्या." मी मीठ वाढलं. जेवून पडवीत गेलात, घोड्यांना तेल लावायला. धर्मा तुम्हाला शोधत आला तेव्हा तुम्ही घोड्याच्या मानेवर डोकं टेकून बसला होता. त्याला वाटलं झोप लागली. हातातला बोळा अजून ओला होता.

मीठ द्या. पंधरा वर्षांचं बोलणं आणि शेवटी मीठ. मला त्याचं फार वाईट वाटत होतं. आता नाही वाटत. अबोला धरूनही माणूस ज्याच्याकडे मीठ मागतो, ते माणूस त्याचं घरचंच असतं.

तर आता ऐका. आज सकाळी घट बसवले आणि मी तात्यांच्या वाडीत गेले. धर्मा, पास्कू आणि काशिनाथ नाखवा यांना आधीच निरोप धाडले होते. तिघे कुंपणापाशी उभे होते. मी तात्यांना सांगितलं, "पाळणा उभा राहणार. दसऱ्याला पूजा. इंजिनावर फिरणार. धर्मा आणि पास्कू पाळणा थांबवतील आणि माणसं उतरवतील. तोल मीच लावणार. इंजिनाला लागो न लागो, समोरासमोर माणसं मोजूनमापूनच बसतील, आणि एकही माणूस जास्त बसणार नाही."

किती चालेल मला ठाऊक नाही. हा एक हंगाम चालेल. कदाचित तोही पुरा होणार नाही आणि पुढच्या वर्षी तिथे शेठचा बंगला दिसेल. सिनेमाच्या तंबूशी आणि विजेच्या दिव्यांशी आपला सागाचा पाळणा किती झगडणार? मी काही भोळी नाही. तुम्ही बसवलेली घडी मी मोडते आहे, हेही मला कळतं. पण एक सांगते. तुम्ही मला मागच्या दारातून उठवून त्या वाळूवर उभं केलंत. त्याआधी विचारलं असतंत तर मी गप्प घरात बसले असते, तुमच्या शब्दाबाहेर गेले नसते. आता तुम्हीच मला घरात बसायची सोय ठेवली नाहीत. चार माणसांत उभं राहून बोलायची सवय तुम्हीच लावलीत, मग ती तुमच्याविरुद्ध वापरली म्हणून कुरकुरू नका.

तात्यांनी कुंपणापाशी उभ्या तिघांकडे बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण एक विचारू का, सरस्वतीबाई? गोविंदाला हे चाललं असतं?"

मी म्हटलं, "मुळीच नाही."

"मग?"

मग काय? नाखवा मान खाली घालून उभा. धर्मा डोळे पुसतोय. मला मात्र, खरं सांगते, तुमचाच राग आला. चार वर्षं भांडलात आणि निकाल लागायच्या आधीच उठून गेलात. मी जिंकले तर कुणासमोर जिंकू? मी म्हटलं, "तात्या, त्यांना चाललं नसतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांचं मला काही सांगू नका." आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

तुम्हाला भांडायचं होतं, तर थांबायचं होतं, भावजी.